मंडप उतरल्यानंतर : समारंभ संपल्यावर येणारे रितेपण, त्याची कारणे व उपाय

समारंभाची तयारी कशी करावी, हे आपल्या वस्त्यांतून कोणालाही शिकवावे लागत नाही. पावतीपुस्तके छापून घेणे, वर्गणी गोळा करणे, पोलिसांची परवानगी काढणे, मंडप, ध्वनिक्षेपक व विजेची व्यवस्था लावणे, वक्त्यांना वेळेवर आणणे, भोजनाची भांडी मोजून घेणे व मोजून परत करणे ही सारी कामे एकमेकांचे पाहूनच शिकली जातात. जयंती असो, परिषद असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो वा घरचे लग्नकार्य असो, महिना-दीड महिना आधीपासून बैठका सुरू होतात. परंतु समारंभ संपल्यानंतरचा दुसरा दिवस कसा घालवावा, हा विषय मात्र कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आढळत नाही.

वास्तविक पाहता हा दुसरा दिवसच अनेकांना जड जातो. मंडपाचे कापड उतरते, बांबूंचे खड्डे तेवढे मागे राहतात. काल ज्याच्या नावाचा दिवसभर पुकारा होत होता, त्याला आज कोणी हाक मारीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ज्या गटावर दिवसाला दोन-दोनशे निरोप येत होते, तो गट गप्प होतो. पाहुणे आपापल्या गावी निघून जातात. घरात सारे काही जागच्या जागी असते, तरीही मन लागत नाही. जेवण बेचव वाटते, कामावर जाणे नकोसे होते, विनाकारण चिडचिड होते आणि "आता पुढे काय?" हा प्रश्न छातीवर बसून राहतो.

ही अवस्था बहुतेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येते. तरीसुद्धा तिच्याविषयी आपण बोलत नाही. चांगला कार्यक्रम पार पडला असताना उदास वाटणे हे कृतघ्नपणाचे किंवा दुबळेपणाचे लक्षण आहे, असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. हे रितेपण का येते, त्यात काय हरवलेले असते आणि ते कसे भरून काढावे, याचा विचार सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी करणे अगत्याचे आहे. म्हणूनच हा लेखप्रपंच.

चंद्रावरून परतलेला माणूस

मानवी इतिहासातील अत्यंत थरारक प्रवासांपैकी एक प्रवास एडविन 'बझ' ऑल्ड्रिन या अमेरिकन अंतराळवीराने केला. नील आर्मस्ट्राँग व तो, असे दोघे जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरले. चंद्रावरील त्यांचा मुक्काम सुमारे साडेएकवीस तासांचा होता. परत आल्यावर तिसरे सहकारी मायकेल कॉलिन्स यांच्यासह त्यांचा जगभर सत्कार झाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये ते मुंबईलाही येऊन गेले.

यानंतरची हकिकत कमी लोकांना ठाऊक आहे. सत्कार संपले, आणि ऑल्ड्रिनपुढे प्रश्न उभा राहिला की चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाने आता करावयाचे तरी काय? तो खोल नैराश्यात गेला. त्यासाठी त्याला रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९७२ साली तो वायुदलातून निवृत्त झाला. पुढे दारूचे व्यसन जडले, संसार मोडला. १९७८ साली त्याने दारू सोडली ती कायमची. या सर्वाची कबुली त्याने स्वतःच दिली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनाचे नाव 'रिटर्न टू अर्थ', म्हणजे 'पृथ्वीवर परत', असे आहे. चंद्रावर जाण्याची तयारी वर्षानुवर्षे करून घेण्यात आली होती. परंतु पृथ्वीवर परतल्यानंतर जगावे कसे, याची तयारी कोणीही करून घेतली नव्हती.

त्याच्या घराण्यात नैराश्याचा आजार पूर्वीपासून होता, हेही त्यानेच सांगितले आहे. यास्तव साऱ्याचे खापर एका प्रवासावर फोडणे योग्य होणार नाही. पण एवढे निश्चित की यश कितीही मोठे असले, तरी ते त्यानंतर येणाऱ्या रितेपणापासून माणसाला वाचवीत नाही.

अशीच गोष्ट आपल्याकडील अभिनव बिंद्राची. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. वैयक्तिक प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. साऱ्या देशात पेढे वाटले जात असताना ज्याने ते पदक मिळविले त्याच्या मनात मात्र पोकळी होती. आपल्या आयुष्यातील सर्वात मोठे मानसिक संकट अपयशाने नव्हे, तर यशानंतर आले, असे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले. अनेक वर्षे ज्या एका ध्येयासाठी तो उठत-बसत होता ते ध्येय गाठले गेले, आणि सकाळी उठण्याचे कारणच संपले. त्यातून सावरून तो पुन्हा सरावाला लागला व २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याने ऑलिंपिकमध्ये एकूण २८ पदके मिळविली, त्यांपैकी २३ सुवर्ण. त्यानेही सांगितले आहे की प्रत्येक ऑलिंपिकनंतर आपण नैराश्यात जात होतो आणि २०१२ नंतर तर जगण्याचीच इच्छा उरली नव्हती. त्याने मदत मागितली, उपचार घेतले व त्यानंतर इतर खेळाडूंसाठी या विषयावर उघडपणे बोलू लागला.

ही उदाहरणे मोठ्या माणसांची असली तरी आपल्या गल्लीतील कार्यकर्त्याची अवस्था त्याच जातकुळीची असते. फरक आहे तो आकाराचा.

मन असे का वागते?

यामागची कारणे शास्त्रज्ञांनी बऱ्याच अंशी उलगडली आहेत. त्यांतील तीन आपण समजून घेऊ.

पहिले कारण म्हणजे वाट पाहण्यातला आनंद. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाले. माकडाला आधी एक खूण दाखविली जाई व मग फळाच्या रसाचा थेंब मिळे. मेंदूतील डोपामीन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या पेशी सुरुवातीला रस मिळताच उद्दीपित होत. पण खुणेचा अर्थ माकडाला कळल्यानंतर त्या पेशी खूण दिसताच उद्दीपित होऊ लागल्या, प्रत्यक्ष रस मिळताना नव्हे. आणि अपेक्षेच्या वेळी रस मिळाला नाही, तर त्यांचे काम नेहमीच्या पातळीच्याही खाली गेले. माणसाचे मन एका द्रव्याने चालत नाही हे खरे. तरीपण यातून एक गोष्ट ध्यानी येते, ती ही की मेंदूच्या उत्साहाचा मोठा भाग पुढे काहीतरी येणार आहे या अपेक्षेवर चालतो. समारंभ आला की अपेक्षा संपली. नेदरलँड्समधील १,५३० प्रौढांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९७४ जण सुट्टीत प्रवासाला गेले होते. हे लोक इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले ते प्रवासाला निघण्यापूर्वी. परत आल्यानंतर त्यांच्यात व घरी राहिलेल्यांत फारसा फरक उरला नाही. ज्यांचा प्रवास अत्यंत निवांत झाला, त्यांनाच नंतर थोडे दिवस त्याचा लाभ झाला.

दुसरे कारण म्हणजे तुलना. १९७८ साली फिलिप ब्रिकमन व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सोडतीत मोठी बक्षिसे मिळालेल्या २२ जणांची तुलना सोडत न लागलेल्या २२ जणांशी केली. बक्षीस मिळालेले लोक इतरांहून विशेष सुखी नव्हते. उलट मित्राशी गप्पा मारणे, सकाळची न्याहारी करणे, विनोद ऐकणे यांसारख्या साध्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी गोडी वाटत होती. पाहणी लहान होती, पण तिच्यातील मर्म आपल्या अनुभवाचे आहे. दोन दिवस हॅलोजनच्या उजेडात वावरलेल्या डोळ्यांना घरातला दिवा मिणमिणता वाटतो. दिवा तोच असतो. डोळे तेवढे सरावायचे असतात, व ते काही काळाने सरावतात.

तिसरे कारण म्हणजे समूह. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले की माणसे मोठ्या संख्येने एका हेतूने एकत्र आली म्हणजे त्यांच्यात एक सामूहिक उधाण निर्माण होते व एकेकटा माणूस स्वतःच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे उचलला जातो. लेझीमच्या ताफ्यात, घोषणा देताना किंवा हजारोंच्या पंगतीत वाढताना हा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. जमाव पांगला की ते उधाण ओसरते व माणूस पुन्हा एकटा उरतो. हे उधाण खोटे नसते, पण ते एकट्याच्या मालकीचेही नसते. त्यामुळे ते घरी नेता येत नाही.

या तिन्हींच्या जोडीला शरीराची थकावट असते. चार-पाच रात्रींची जागरणे, अवेळी खाणे, सतत ओरडून बसलेला घसा आणि मोठ्या आवाजाने सुन्न झालेले कान. समारंभ चालू असताना शरीर ही उसनवारी बिनबोभाट करू देते. समारंभ संपला की सारे देणे एकदम मागते. पहिल्या दोन-तीन दिवसांची उदासी पुष्कळदा निव्वळ अपुऱ्या झोपेची असते.

नेमके काय हरवते?

समारंभ संपतो म्हणजे केवळ गंमत संपते असे नव्हे. एकाच दिवशी तीन गोष्टी हातून जातात. करावयाचे काम जाते, सोबतची माणसे जातात आणि वाट पाहण्यासारखे काही उरत नाही.

यांतले काम जाणे सर्वाधिक बोचते, व ते बोचते त्या तरुणाला, ज्याच्यापाशी एरवी दुसरे काम नसते. शिक्षण अर्धवट सुटलेला, नोकरी नसलेला मुलगा महिनाभर 'स्टेजप्रमुख' असतो. जनरेटरवाला त्याला विचारतो, आचारी त्याला विचारतो, ज्येष्ठ मंडळी त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. घरी आईसुद्धा त्याच्यासाठी ताट झाकून ठेवते. समारंभ संपला की दुसऱ्या दिवसापासून तोच मुलगा पुन्हा 'रिकामटेकडा' ठरतो. त्याचे गुण एका रात्रीत नाहीसे झालेले नसतात. नाहीशी झालेली असते ती त्या गुणांची गरज असलेली जागा. त्याच्या मनातील पोकळी ही मनाचा रोग नव्हे, ती समाजाने त्याच्याकडून काढून घेतलेल्या जबाबदारीची जागा आहे. ही गोष्ट संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी नीट ध्यानात घेतली पाहिजे.

स्त्रियांचीही एक निराळी व्यथा असते. शेकडो माणसांच्या पोळ्या लाटणाऱ्या, भाजी चिरणाऱ्या भगिनी त्या दोन दिवसांत एकमेकींच्या सहवासात मनमोकळे हसतात. समारंभानंतर प्रत्येकी आपापल्या ओट्यापाशी एकटी उरते, आणि आभाराच्या भाषणात त्यांची नावे बहुधा आलेली नसतात. तद्वतच सणासमारंभाला मुले-नातवंडे येऊन गेल्यानंतर वृद्ध आई-वडिलांचे घर किती मोठे वाटू लागते, हे निराळे सांगावयास नको.

आपल्या जुन्या चालीरीतींत याची थोडी जाण होती. लग्नानंतर मुलगी सासरी गेली की थोड्या दिवसांनी तिला माहेरी आणण्याची 'मांडवपरतणी'ची पद्धत आहे. ज्या घरातून मंडप उतरला त्या घराला ओळखीचा आवाज पुन्हा एकदा ऐकू येतो व निरोपाचे ओझे दोन हप्त्यांत उचलले जाते.

फसवे उपाय

हे रितेपण घालविण्यासाठी जे उपाय सर्रास केले जातात, त्यांतील तीन घातक आहेत.

पहिला म्हणजे 'श्रमपरिहार'. शब्द मोठा सुंदर आहे. श्रमाचा परिहार झालाच पाहिजे. पण अनेक मंडळांत त्याचा अर्थ दारूची पार्टी असा झालेला आहे. दारू मेंदूचे कार्य मंदावते, झोपेची प्रत बिघडविते व दुसऱ्या दिवशी उदासी वाढवून ठेवते. आधीच खाली चाललेल्या मनाला ती आणखी खाली ढकलते. कित्येकांच्या व्यसनाची सुरुवात अशाच एखाद्या आनंदाच्या कार्यक्रमानंतर झालेली असते. एकत्र जेवण करा, गाणी म्हणा, गमतीजमती सांगा; बाटली मात्र त्यात नको.

दुसरा फसवा उपाय म्हणजे लगेच याहून मोठ्या कार्यक्रमाची घोषणा करणे. यंदा चार ध्वनिक्षेपक लावले तर पुढील वर्षी आठ. त्यासाठी कर्ज काढावयाचे, वर्गणीचा तगादा लावावयाचा. अशाने पोकळी भरत नाही, तिची फक्त तारीख पुढे ढकलली जाते व प्रत्येक वेळी ती अधिक खोल होते.

तिसरा म्हणजे मोबाईलवर त्याच चित्रफिती तासन्‌तास पाहत बसणे व किती जणांनी पसंती दर्शविली ते मोजणे. आठवणी अवश्य जपाव्यात. एक दिवस सर्वांनी मिळून छायाचित्रे निवडावीत, त्यांखाली नावे व तारीख लिहून ठेवावीत. रात्री एकट्याने अंधारात तेच पाहत राहिल्यास मात्र झोप जाते व आजचा दिवस अधिकच फिका वाटू लागतो.

करावयाच्या गोष्टी

सहा महिने अंतराळस्थानकात राहून परतणाऱ्या अंतराळवीरांसाठी नासा ही संस्था आता सुमारे ४५ दिवसांचा शारीरिक पुनर्वसनाचा कार्यक्रम आखते. उड्डाणाइतकेच उतरणेही आखावे लागते, हे यामागचे तत्त्व आहे. आपल्या लहानशा समारंभासही ते लागू पडते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिले तीन दिवस शरीराला द्यावेत. पुरेशी झोप, वेळेवर साधे जेवण, भरपूर पाणी व थोडे चालणे. या तीन दिवसांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. राजीनामा देऊ नये, भांडण उकरून काढू नये, "आपण उगाच एवढे केले" असा निष्कर्षही काढू नये. थकलेल्या मनाने केलेला हिशेब बरोबर येत नसतो.

त्यानंतर काम नीट पूर्ण करावे. समारंभ संपला तरी काम संपलेले नसते. आठ दिवसांच्या आत जमाखर्च लिहून सर्वांसमोर वाचावा. मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे देणे चुकते करावे. ज्यांनी शिलाई यंत्र, सतरंज्या, पातेली दिली त्यांच्या वस्तू घरपोच कराव्यात. काय चुकले व काय साधले, हे एका वहीत लिहून पुढील वर्षाच्या कार्यकर्त्यांसाठी ठेवावे.

या बाबतीत खाशाबा जाधव यांचे उदाहरण आठवावे. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथे जाण्याचा खर्च लोकांच्या मदतीतून उभा राहिला होता. परत आल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. मिरवणुकीनंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले व त्यांतून मिळालेल्या पैशांतून मदतीची परतफेड केली. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात रुजू झाले. त्यांच्या मनात त्या दिवसांत काय चालले होते ते आपण सांगू शकत नाही. पण मिरवणुकीनंतर हाती घ्यावयाचे पहिले काम कोणते, हे मात्र त्यांच्या कृतीतून शिकता येते. ज्यांच्यामुळे तो दिवस दिसला, त्यांचे ऋण फेडणे हे ते काम होय.

तिसरी गोष्ट, माणसे सोडू नयेत. समारंभासाठी जमलेली वीस माणसे पुढच्या समारंभापर्यंत भेटत नाहीत, हे चांगले नव्हे. पंधरा दिवसांनी चहापुरते का होईना, एकत्र बसावे. त्या बैठकीला विषय नसला तरी चालेल. कोणी आले नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी. न येणाऱ्यालाच पुष्कळदा येण्याची अधिक गरज असते.

चौथी गोष्ट, वाट पाहण्यासारखे काही लहानसे ठेवावे. दर रविवारी सकाळी मुलांचा खेळ, महिन्यातून एक पुस्तक, जवळच्या लेण्यांची सहल, अभ्यासिकेतील नवे कपाट. सुख फार मोठे असण्याची गरज नाही, ते पुन्हा पुन्हा येणारे असावे. वर्षातून एकदा येणाऱ्या पुरापेक्षा बारमाही झऱ्यावर गाव जगते.

विद्यार्थी मित्रांनो...

तुमच्या आयुष्यात असे प्रसंग वारंवार येतात. दहावी-बारावीचा शेवटचा पेपर संपतो, त्या दिवशी आनंद होतो व चौथ्या दिवसापासून वेळ खायला उठतो. पुण्याच्या 'पुरुषोत्तम करंडक' स्पर्धेसारख्या एकांकिका स्पर्धांसाठी महाविद्यालयाचा संघ आठवडेच्या आठवडे तालीम करतो व प्रयोग तासाभरात संपतो. करंडक मिळो वा न मिळो, दुसऱ्या दिवशी तालमीची ती खोली पाहवत नाही. वसतिगृह सोडताना, स्पर्धा परीक्षेची मुलाखत देऊन आल्यावर, निवडणुकीचा प्रचार संपल्यावर हाच अनुभव येतो.

अशा वेळी तीन गोष्टी करा. परीक्षेचा किंवा स्पर्धेचा दिवस येण्यापूर्वीच त्यानंतरच्या आठवड्यासाठी एक साधे काम ठरवून ठेवा. मग ते सायकल दुरुस्त करणे असो, टंकलेखन वा संगणक शिकणे असो, किंवा धाकट्या भावंडाला गणित शिकविणे असो. दुसरे, उठण्याची वेळ बदलू नका. सकाळ हातात असली की दिवस हातात राहतो. "मन लागले की काम करीन" असे म्हणत बसू नका. उदास मन आधी ताजे होत नाही. हात कामाला लागले की ते मागून ताजे होते. मनोविकारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ नैराश्यावरील उपचारातही लहान लहान कृतींपासूनच सुरुवात करवितात. तिसरे, जे वाटते ते एकाला तरी सांगा. बहुधा तोही म्हणेल, "मलाही तसेच होते आहे." तेवढ्यानेच निम्मे ओझे उतरते.

संस्थेचे कर्तव्य

अनित्यता हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. सारे काही बदलते, हे आपण ऐकतो. परंतु बदलते म्हणून सोडून द्यावे, असा त्याचा अर्थ नाही. मंडप उतरणारच, त्यात जमलेली शक्ती कोठे वळवावयाची, ते ठरविणे आपल्या हाती आहे.

ज्याने विजेची व्यवस्था पाहिली, त्याच्याकडे अभ्यासिकेतील दिवे-पंख्यांची जबाबदारी द्यावी व तारतंत्रीच्या अभ्यासक्रमासाठी त्याला आयटीआयचा अर्ज आणून द्यावा. ज्याने गर्दी आवरली, त्याला मुलांच्या कवायतीचा वर्ग द्यावा. ज्या भगिनींनी स्वयंपाक सांभाळला, त्यांचा बचतगट उभा राहू शकतो. शेकडो माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज अचूक बांधता येणे हे लहानसहान कौशल्य नव्हे. ज्याने जमाखर्च चोख ठेवला, त्याला संस्थेच्या हिशेबात सामील करून घ्यावे. यासाठी खर्च येत नाही. फक्त कार्यक्रमाच्या आधीच्या बैठकीत एक विषय वाढवावा लागतो, तो असा : "कार्यक्रमानंतर कोणाकडे कोणते काम राहील?"

असे झाले तर समारंभ हा शेवट न राहता भरतीचा दिवस होईल. अन्यथा दरवर्षी आपण शंभर तरुणांना महिनाभर मोठे करतो व अकरा महिने विसरून जातो.

हे रितेपण आजार केव्हा ठरते?

साधारणपणे आठवडाभरात मन पूर्ववत होऊ लागते. पण दिवसाचा बहुतांश वेळ उदासी, कशातच रस नसणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी समजणे ही लक्षणे सलग दोन आठवडे जवळपास रोज राहिली, तर तो थकवा नव्हे, नैराश्याचा आजार असू शकतो. मधुमेहाला जसे औषध असते तसेच त्यालाही उपचार आहेत. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही. जिल्हा रुग्णालयांतून मानसिक आरोग्याची सेवा मिळते. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. शिवाय केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती विनामूल्य आहे व तिच्यावर मराठीतूनही बोलता येते.

जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर ते थट्टेवारी नेऊ नये, दोन आठवडे थांबूही नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे. फेल्प्ससारख्या खेळाडूला जर मदत मागावी लागली, तर आपल्या शेजारच्या मुलाने ती मागण्यात नवल ते काय?

थोडक्यात सांगावयाचे तर समारंभानंतरचे रितेपण हे समारंभ व्यर्थ गेल्याचे लक्षण नव्हे. ज्या कामात आपण जीव ओतला, त्याचीच उणीव भासते. ती उणीव दारूने किंवा अधिक मोठ्या आवाजाने बुजवावयाची नसते. काम, माणसे व वाट पाहण्याजोगे काहीतरी, या तीन गोष्टी रोजच्या आयुष्यात लहान प्रमाणात परत आणल्या म्हणजे ती आपोआप भरून निघते. यापुढील कार्यक्रमाच्या बैठकीत मंडप कोण घालणार हे ठरविताना, तो उतरल्यानंतर कोण कोणाची विचारपूस करणार हेही आपण ठरवावे, एवढीच सर्व सभासदांस व विद्यार्थ्यांस विनंती.